नजीरभाईंच्या शेडखालची माती

माझी आई परांड्यात शेजारणींना सांगायची, "पोरगी पुण्याकडं माती तपासती." शेजारीण विचारायची, "का गं, मातीला काय झालंय?" आई म्हणायची, "ते तिलाच ठावं."

आई गेली, पण तो प्रश्न काही गेला नाही. लग्नकार्यात, बँकेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो मला भेटत राहिला. आणि खरं सांगायचं तर उत्तर देऊन देऊन मी दमले. आता निवृत्त झाले आहे, दिवाळी अंकाचं निमित्त आहे, तेव्हा एकदाच नीट सांगून टाकते.

आपल्याकडच्या काळ्या मातीला पाणी मिळालं की ती फुगते, आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. कापसाला, ज्वारीला ती उत्तम. पण तिच्यावर घर, रस्ता किंवा कारखाना उभा करणाऱ्याची अवस्था श्वास घेणाऱ्या जनावराच्या पाठीवर बसल्यासारखी होते. भिंतींना तिरक्या चिरा जातात, पावसाळ्यात दारं लागत नाहीत, फरशी मधेच पोकळ वाजायला लागते. लोक गवंड्याला शिव्या देतात.

माझे वडील गवंडी होते. "आण्णा, तुमच्या भिंतीला चीर पडली," म्हणत लोक आमच्या दारात यायचे. वडील निमूट थापी आणि घमेलं घेऊन जायचे, चीर बुजवून यायचे. पुढच्या वर्षी तीच चीर, तोच माणूस दारात. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. शाळेतल्या गणिताच्या सरांनी स्वतःच्या खर्चाने मला सोलापूरला नेऊन प्रवेश घेऊन दिला, वसतिगृहात जागा मिळेपर्यंत त्यांच्या बहिणीकडे ठेवलं. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी काळ्या मातीचा धडा झाला आणि दिवाळीच्या सुट्टीत मी वडिलांना सांगितलं की त्या चिरांचं कारण भिंतीत नसतं, पायाखाली असतं. ते बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "म्हंजी माझी चूक नव्हती?"

माझ्या शिक्षणाचं सगळ्यात मोठं बक्षीस मला तेव्हाच मिळालं. पुढे जे मिळालं तो पगार.

नोकरीला लागले ती भोसरीतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत. प्रयोगशाळा म्हणजे पांढरे कोट आणि थंडगार खोली असं काही डोळ्यांपुढे आणू नका. पत्र्याची शेड, माती वाळवायला दोन ओव्हन, चाळण्यांची उतरंड आणि दिवसभर ठोकाठोक. एका बाजूला लेथ मशीनवाले, दुसऱ्या बाजूला रंगाची भट्टी. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमालावर त्या दिवशीच्या मातीचा रंग. आमची सगळ्यात साधी परीक्षा अशी की चाळलेली माती दोन नळ्यांत सारखी घ्यायची, एकीत पाणी ओतायचं आणि दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही नळ्यांतली उंची पाहिली की माती किती फुगीर आहे ते कळतं. एका बिल्डरला मी हे मोठ्या उत्साहाने दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, मग सोप्पंय. आपण बिल्डिंगखाली रॉकेलच टाकू." तो विनोद करत होता की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

आता काळ्या मातीवर उपाय काय? जुना उपाय म्हणजे ती खणून फेकायची आणि मुरूम भरायचा. मुरूम येतो टेकडीतून. नवी नोकरी असताना चाकणच्या बसमधून ज्या टेकड्या मी बघायची, त्यातल्या काहींच्या जागी आता खड्डे आहेत. दुसरा उपाय म्हणजे माती जागेवरच ठेवायची आणि तिच्यात काहीतरी मिसळून तिचा स्वभाव बदलायचा. या पट्ट्यात मिसळायच्या मालाला तोटा नाही. ओतकामाच्या कारखान्यातून वापरून काळी पडलेली वाळू निघते. बॉयलरची राख निघते. गॅस वेल्डिंगचा गॅस जिथे कार्बाइडपासून बनवतात तिथे ओला पांढरा चुना उरतो, त्याला लसणासारखा उग्र वास येतो. हे सगळं कोणाला तरी कुठेतरी फेकायचंच असतं. रवा तुपात परतला की जसा दाणा दाणा मोकळा होतो, तशी चिकट माती चुन्याने मोकळी होते. चुना आणि राख मिळून पुढे कित्येक महिने हळूहळू पकड धरतात. वाळूने मातीच्या अंगात खरखरीतपणा येतो. प्रमाण मात्र दर मातीला वेगळं, दर राखेला वेगळं, आणि प्रत्येक ठिकाणचा माल आधी तपासून घ्यावा लागतो. माझं काम तेवढंच होतं. त्यावरून साइटवर माझं नाव पडलं, कचऱ्यावाल्या मॅडम.

नाव पडायला माझी हरकत नव्हती. त्रास व्हायचा तो समजावण्याचा. आकुर्डीतल्या एका सोसायटीच्या पार्किंगची जमीन दर पावसाळ्यात खचायची. मी राख आणि चुना सुचवला. मीटिंगमध्ये एक आजी उठल्या. "राख? राहत्या घराखाली राख टाकायची?" मी म्हटलं, "आजी, तुमच्या लहानपणी भांडी कशानं घासायचे?" त्या म्हणाल्या, "राखेनं. पण भांडी घासून ती राख फेकून द्यायचो, बाई. जेवायच्या ताटाखाली नव्हतो ठेवत." टाळ्या त्यांना पडल्या. पार्किंगमध्ये मुरूम पडला. पुढच्या पावसाळ्यात तो खचला आणि त्यांच्या सेक्रेटरींनी मला फोन केला, पण तेव्हाही आजींना विचारायची हिंमत कोणाला झाली नाही.

नजीरभाईंनी मात्र पहिल्यांदाच विश्वास ठेवला. म्हणून त्यांची गोष्ट सांगायची आहे.

नजीरभाईंचं वर्कशॉप आमच्या लॅबच्या गल्लीतच, भाड्याच्या गाळ्यात. पोरवयात लेथवर हेल्पर म्हणून लागलेला माणूस, स्वतःच्या हिमतीवर मालक झालेला. केसाच्या जाडीचा फरक त्यांना बोटाने कळायचा. गाळ्याचा मालक दर थोड्या वर्षांनी जागा खाली करायला लावायचा, आणि मशीन हलवलं की ते पुन्हा जागेवर बसवण्यात नजीरभाईंचा जीव जाईल इतके हाल व्हायचे. ते म्हणायचे, "मॅडम, माझं घर भाड्याचं असलं तरी चालेल. मशीन भाड्याच्या फरशीवर उभं आहे, त्यामुळे झोप येत नाही."

मग एका गाड्यांच्या कंपनीने त्यांना मोठं आणि कायमचं काम द्यायची तयारी दाखवली. अट एक होती. स्वतःची पक्की जागा हवी, त्यात नवं मशीन बसवलेलं हवं. दसऱ्यानंतर कंपनीचे साहेब येऊन बघणार, मग ऑर्डर. नजीरभाईंनी होतं नव्हतं ते घालून चाकणच्या बाजूला ओढ्याकाठी एक तुकडा घेतला. विकणारे दत्तोबा, तिथलेच जुने शेतकरी. बरीचशी जमीन औद्योगिक वसाहतीत गेल्यावर त्यांनी जेसीबी, डंपर आणि ट्रॅक्टर घेऊन ठेकेदारी सुरू केली होती. शेडच्या जमिनीचं कामही त्यांच्याकडेच.

जागा बघायला गेलो तेव्हा दत्तोबा हसत म्हणाले, "मॅडम, ह्या वावरात आमच्या बैलाचा पाय गुडघ्यापतूर रुतायचा. हितं मशीन हुबं राहील व्हय?"

"राहील. माती सुधारून घेऊ."

"कशानं?"

मी सांगितलं. दत्तोबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "कचऱ्यावर कचरा टाकताना बघितलंय. कचऱ्यावर कारखाना टाकणाऱ्या तुमीच पैल्या."

नजीरभाई म्हणाले, "दत्तोबा, आयुष्यभर भंगारातून शाफ्ट काढून नवे केलेत मी. मॅडम सांगतील तसं करू."

मी त्या वावरातल्या मातीचे नमुने नेले, गॅसवाल्याचा चुना, जवळच्या बॉयलरची राख आणि ओतकामाची वाळू तपासली, प्रमाण काढून दिलं. उन्हाळ्यात दत्तोबांनी ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरने सगळं मिसळलं, रोलर फिरवला, वर काँक्रीटची फरशी झाली. मी मधून मधून जाऊन नमुने घेतले, ते उत्तम निघाले. पावसाळा तोंडावर आला तेव्हा नवं मशीन आत गेलं, भोसरीच्या गाळ्यातली जुनी दोन्हीही आली. नजीरभाईंनी गल्लीत पेढे वाटले.

गौरी-गणपतीच्या सुमारास त्यांचा फोन आला. "मॅडम, बुडबुडा सरकला."

"कसला बुडबुडा?"

"मशीनच्या लेव्हलचा. काल सेट केला, आज डावीकडे."

मशीन सपाट बसलंय की नाही ते लेव्हलच्या काचेतल्या बुडबुड्यावरून कळतं. मी म्हटलं, खालचे नट ढिले झाले असतील. त्यांनी नट आवळले. दोन दिवसांनी पुन्हा फोन. "मॅडम, बुडबुडा पुन्हा चालला फिरायला. आणि कोपऱ्यात फरशीला माझ्या नखाएवढी उंची आलीय."

मी गेले. आमच्या धंद्यात फरशी खचलेली बघायची सवय असते. ही फरशी वर उचलली गेली होती. नव्या मशीनच्या बाजूचा सगळा कोपरा पोटासारखा वर आला होता, आणि काँक्रीटला मधून चीर. काळी माती फुगली म्हणावं, तर ती आता फुगणारी राहिली नव्हती, मिसळल्यावर माझ्याच हाताने तपासलेली होती. कोपऱ्यातलं काँक्रीट फोडून घेतलं, खाली हात घातला. मिसळलेल्या मातीत पांढरे गोळे होते, साबणासारखे बुळबुळीत. मी वास घेतला. लसणाचा वास नव्हता.

दत्तोबांना बोलावून घेतलं. "दत्तोबा, हा चुना कुठला?"

"गॅसवाल्याचा. तुमीच सांगितल्याला."

"सगळा?"

दत्तोबांनी शेडच्या पत्र्याकडे बघितलं. "निम्मा. मधी गॅसवाल्याचा प्लांट बंद पडला. मग त्या अॅल्युमिनियमवाल्याकडं ढीग पडला हुता, त्यो आणला. फुकाट दिला त्यानं, वर चहा पाजला. त्यो बी पांढराच, मॅडम. उलट जास्त पांढरा!"

इथे मला थोडं शिकवावं लागेल. अॅल्युमिनियमच्या वस्तूंना रंगीत मुलामा देणारे कारखाने असतात. तिथे गंधकाचं ॲसिड वापरतात, मग त्या सांडपाण्यात चुना घालून ते निवळू देतात, आणि तळाशी पांढरा गाळ बसतो. दिसायला चुना, पण त्यात भरपूर सल्फेट आणि अॅल्युमिनियम. हा गाळ, खरा चुना आणि चिकणमाती एकत्र आली आणि वर पाणी मिळालं की आत सुईसारखे बारीक स्फटिक वाढू लागतात. भात उतू जाताना झाकण जसं वर येतं, तशी वरची फरशी येते. हे एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही. शिवाय असला गाळ रीतसर ठरलेल्या जागीच नेऊन टाकायचा असतो, तो जमिनीत घालायची परवानगीच नसते.

लॅबमध्ये ते गोळे पाण्यात ढवळून त्यात रसायनाचे थेंब टाकले. सल्फेट असेल तर पाणी दुधासारखं होतं. झालं. दत्तोबांवर रागवून उपयोग नव्हता. आमच्या या पट्ट्यात माल असाच फिरतो. ज्याच्याकडे ढीग साचला त्याला न्यायला माणूस मिळाला की तो सुटला, आणि ज्याला भरायला काही हवं त्याला फुकट ढीग मिळाला की तो खूश. कोण कुणाला विचारणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शेडमध्ये उभे होतो. मी जे कळलं ते सांगितलं. नजीरभाई मशीनला टेकून ऐकत होते.

दत्तोबा म्हणाले, "आसं करू. वरची फरशी घासून लेव्हल मारू. चीर बुजवू. साहेब येतील, बघतील, ऑर्डर देतील. मग निवांत बघू."

"किती टिकेल?" नजीरभाईंनी मला विचारलं.

"घासलं तरी खालून वाढतच राहील. साहेब येतील तेव्हा कदाचित सपाट दिसेल. पुढच्या पावसाळ्यानंतर काही सांगता येत नाही. मशीन वाकडं चालेल."

"म्हणजे ऑर्डर मिळेल आणि माल रिजेक्ट होईल."

"हो."

"आणि खोदलं तर?"

"मातीचा तो सगळा थर काढायचा, नव्याने भरायचा, दाबायचा, थांबायचं. दसऱ्यापर्यंत फरशी तयार होईल असं मी म्हणणार नाही."

नजीरभाईंनी हातातला फडका उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग म्हणाले, "मशीनला खोटं चालत नाही, मॅडम. माणसाला चालतं. खोदा."

दत्तोबा म्हणाले, "मग त्या काढलेल्याचं काय? रातच्याला वढ्याला लोटून देऊ. पाऊस हाय, वाहून जाईल."

"दत्तोबा," नजीरभाई म्हणाले, "त्या ओढ्याचं पाणी कोण पितं?"

दत्तोबा ओढ्याकडे बघत म्हणाले, "आमचीच जनावरं."

ओढ्याचा विषय तिथेच संपला. निघताना दत्तोबा माझ्यापाशी थांबले. "मॅडम, दोन पांढऱ्यात फरक आसतो, हे मला कुणी सांगाय नगं व्हतं का?" त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. मी प्रमाण सांगितलं होतं, माल कुठून आणायचा ते सांगितलं होतं. दुसऱ्या ठिकाणचा का आणायचा नाही, हे कोणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. त्या दिवसापासून मी ते प्रत्येक साइटवर सांगत आले. लोक कंटाळून ऐकत.

पितृपक्ष लागला होता. दत्तोबांच्या जेसीबीचा ऑपरेटर तयार होईना. "पितरपाटात नवं काम न्हाई करत, मालक." दत्तोबा त्याच्यावर ओरडले, "नवं कुठं हाय? जुनंच उकरतोय! पितरंबी खूश व्हतील." मशीनं बाहेर काढली, लाकडी स्लीपरवर ठेवून ताडपत्रीखाली झाकली. एवढा जपून आत नेलेला संसार पुन्हा उघड्यावर आला. नजीरभाई रोज सकाळी ताडपत्री उचलून मशीनला तेल लावायचे, जणू आजारी माणसाचं अंग पुसतात तसे. भोसरीचा गाळा सोडून झाला होता. परत जायला जागा नव्हती.

गाळ देणारा अॅल्युमिनियमवाला आधी म्हणाला, "मी दिला नाही, त्यांनी नेला." मग म्हणाला, "माझ्याकडचाच कशावरून?" मी नमुन्यांचे रिपोर्ट दाखवले, दत्तोबांनी त्याच्या दारात डंपर आडवा लावला. शेवटी त्यानेच पुढाकार घेऊन तो माल ठरलेल्या जागी पाठवायची व्यवस्था केली. त्यासाठी ज्या ऑफिसांच्या चकरा मारल्या त्यांचं वर्णन इथे करत नाही. वाचणारेही थकतील. त्या चकरांत बराच वेळ गेला, आणि दसरा जवळ आला.

नवरात्रात नवं मिश्रण भरायला घेतलं. या वेळी नजीरभाई म्हणाले, "मॅडम, तुम्ही उभ्या राहा." लॅबच्या कामात हे बसत नव्हतं. मी रजा टाकली आणि उभी राहिले. चुन्याचा प्रत्येक डंपर रिकामा होताना मूठभर माल उचलून वास घ्यायचा. दत्तोबाही घ्यायचे, मोठ्यांदा घ्यायचे, आणि ओरडायचे, "लसूण हाय! येऊ द्या!"

शेवटचा थर अष्टमीच्या संध्याकाळी मिसळून झाला. रोलर सकाळी फिरवायचा ठरला. मी सकाळी पोचले तर रोलरला झेंडूची माळ, पुढच्या चाकाला हळदीकुंकू, समोर नारळ. त्या दिवशी खंडेनवमी. आमच्या या पट्ट्यात खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की त्या दिवशी ते चालवत नाहीत, मग मालक कोणी असो.

मी घाबरून नजीरभाईंकडे गेले. वाटलं, ते तरी रोलरवाल्याला सांगतील. तर ते स्वतः ताडपत्रीखाली उकिडवे बसून नव्या मशीनला माळ बांधत होते. कामगार आजूबाजूला, प्रसादाचे पेढे कागदावर.

"नजीरभाई, माती मिसळून पडलीय. रोलर?"

"आज नाही, मॅडम."

"अहो, तुम्हीसुद्धा?"

"माझं नाव नजीर आहे, मशीनचं नाही," ते म्हणाले. "मशीनला आज सुट्टी. गल्लीत आजपर्यंत कधी चालवलं नाही, इथे पहिल्याच वर्षी चालवू? पेढा घ्या."

पेढा घेतला. डोकं ताळ्यावर आलं. सिमेंट मिसळलेली माती थांबत नाही, तासाभरातच दगड व्हायला लागते. चुन्याची माती एक दिवस थांबते, उलट मुरली तर बरी. आम्ही ओली पोती आणि प्लास्टिक आणून सगळा थर झाकला. दत्तोबा पेढा खात म्हणाले, "बघा, मातीबी उपासाला बसली." दसऱ्याला नारळ फुटला, सोनं वाटलं आणि दुपारी रोलर सुरू झाला.

साहेब दसरा झाल्यावर तिसऱ्याच दिवशी आले. तरुण, नम्र, स्वच्छ बूट. शेडच्या दारात थबकले. आत फरशी नव्हती. करडी, दाबलेली, झाकलेली माती होती. मशीनं बाहेर, वाळलेल्या झेंडूच्या माळांसकट.

"फ्लोअर?"

"बनतोय, साहेब," नजीरभाई म्हणाले.

"का? फोटोत तर झाला होता."

नजीरभाईंनी सगळं सांगितलं. चुना, गाळ, फुगवटा, खोदाई. काही झाकलं नाही. दत्तोबा मागे हात बांधून उभे होते. त्यांचं नाव आलं नाही. "आमच्याकडून चुकीचा माल आला," एवढंच नजीरभाई म्हणाले.

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. मला वाटतं, त्यांना मदत करायची होती. "ठीक आहे. चार-पाच दिवसांत मशीन बसून दाखवू शकाल? मी वर तसं कळवतो." आणि मग, इंजिनिअर मी आहे हे कळल्यामुळे, माझ्याकडे वळून, "मॅडम, होईल ना?"

नजीरभाईंनीही माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनंती नव्हती, पण आशा होती, आणि ती बघायला नको होती असं मला अजून वाटतं. काँक्रीट घालून, मशीन ठेवून दाखवता आलं असतं. आतल्या मातीने पकड धरली नसती. नव्या मशीनच्या वजनाने ती बसली असती आणि पुन्हा तेच.

"नाही होणार," मी म्हटलं. "मातीला अजून काही दिवस हवेत. मग काँक्रीट, आणि काँक्रीटलाही दिवस हवेत. त्याआधी मशीन ठेवू देणार नाही."

साहेबांनी मान हलवली, चहा घेतला, नजीरभाईंशी हात मिळवून गेले. गाडी वळणापलीकडे गेल्यावर दत्तोबा खाली बसले. नजीरभाई म्हणाले, "दत्तोबा, उठ. पोती वाळलीत. पाणी मार."

ऑर्डर दुसऱ्याला गेली. वाईट वाटून कंपनीने एका छोट्या पार्टचं काम नजीरभाईंना दिलं, तेवढंच. फरशी दिवाळीनंतर तयार झाली, मशीनं आत गेली. त्या मोठ्या कामाच्या भरवशावर घेतलेल्या नव्या मशीनला पुढे कित्येक महिने पुरेसं काम नव्हतं. मी कधी गेले की ते झाकलेलं दिसायचं. मग मी जायचं टाळलं.

आमच्या धंद्यात कामाची पावती कशी मिळते, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. काम बिघडलं की फोन येतो. चांगलं झालं की कोणी फोन करत नाही. पुढचा अख्खा पावसाळा मी नजीरभाईंच्या फोनची वाट बघितली. रस्त्यात मोठी सर आली की मनात त्या ओढ्याचं पाणी चढायचं. फोन आला नाही. त्याच्या पुढच्या पावसाळ्यातही नाही. मी निवृत्त झाले, गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, तरीही नाही.

शेवटी यंदा श्रावणात मीच गेले. ओढा भरून वाहत होता. शेडमध्ये तिन्ही मशीनं चालू होती, नव्यावर कुणा शेतीपंप बनवणाऱ्याचं काम लागलं होतं. नजीरभाईंनी मला बघितलं, पण हातातलं काम सोडलं नाही, नुसतं बोट वर करून थांबायला सांगितलं. मी त्या फरशीवर उभी राहिले. पायाला काही जाणवलं नाही. इतक्या वर्षांत मला असं काहीही न जाणवणंच हवं होतं.

थोड्या वेळाने ते आले. केस पांढरे झाले होते. "काय मॅडम? काही बिघडलं का?"

"नाही. सहज आले."

"सहज? इंजिनिअर लोक सहज येतात?" ते हसले, चहा सांगितला. कंपनीचं ते मोठं काम पुन्हा आलं का, मी विचारलं. ते म्हणाले नाही, आता येणारही नाही, ते लोक दुसरीकडे रुळले. दत्तोबा बरे आहेत, गुडघे त्यांचेही गेले. पंपवाल्यांची कामं आहेत, चाललंय.

चहा आला. मी बरीच वर्षं मनात ठेवलेलं विचारलं. "नजीरभाई, त्या दिवशी मी साहेबांना हो म्हटलं असतं तर?"

त्यांनी कप खाली ठेवला, हात फडक्याला पुसले.

"तर मी तुम्हाला फोन केला असता, मॅडम."